लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासाचं सामान : कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस ओसरला की कोल्हापुरातून सायकली चारी दिशांना निघतात. कुणी आजरा-आंबोलीवरून गोव्याला, कुणी आंबा घाट उतरून रत्नागिरीला आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली, कुणी पंढरपूरला, कुणी थेट कन्याकुमारीला. वाटा वेगळ्या असल्या तरी निघणाऱ्यांचे प्रश्न बरेचसे सारखे असतात आणि त्यातले बहुतेक सामानाचेच असतात. खालची उत्तरं चार दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंतच्या प्रवासासाठी आहेत, आणि स्वतःचं सामान स्वतःच्या सायकलवर नेणाऱ्यांसाठी आहेत. मागून टेम्पो येणार असेल तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही.

काय घ्यायचं आणि काय ठेवायचं, हे ठरवायचं कसं?

पुढच्या बाजाराच्या गावात जे मिळतं ते घरून न्यायचं नाही. जे तिथे मिळत नाही, आणि ज्याच्यावाचून सायकल जागेवर उभी राहील, ते मात्र न चुकता घ्यायचं. माझ्या मते सगळी यादी या एका कसोटीवर लावता येते.

आजरा, गारगोटी, राधानगरी, मलकापूर अशा गावांत साबण, बिस्किटं, दोरी, डोकेदुखीची गोळी, रबरी चप्पल, नट-बोल्ट, वायसर, सगळं मिळतं. मिळत नाही ते बारीक वॉल्व्हची ७०० मापाची ट्यूब, डिस्क ब्रेकचे पॅड, ९ किंवा १० स्पीडच्या चेनची जोडकडी. जुन्या काळ्या २८ इंची सायकलवरून निघालेल्या माणसाला वाटेतला कुठलाही पंक्चरवाला सावरून घेईल. महागडी हायब्रिड घेऊन निघालेल्याला तेवढा आधार नाही. सायकल जितकी आधुनिक, तितकी सुट्या भागांची पिशवी भरगच्च हवी. म्हणूनच मित्राची यादी जशीच्या तशी उतरवून घेऊ नका. आधी त्याची सायकल कुठली होती ते विचारा.

एकूण वजन किती असावं?

लॉजवर किंवा ओळखीच्यांकडे मुक्काम असेल तर पाणी आणि खाणं सोडून ६ ते ८ किलो पुरे. तंबू आणि अंथरूण-पांघरूण घेतलं तर १२ ते १४. काटा १५ च्या पुढे गेला तर पिशव्या पुन्हा उघडा.

चढावर लागणारा जोर साधारण एकूण वजनाच्या प्रमाणात वाढतो. समजा माणूस ७० किलोचा, सायकल १४ ची आणि सामान ८ किलो, म्हणजे सगळे मिळून ९२. त्यात ५ किलोची भर पडली की तासाभराचा चढ तीन-साडेतीन मिनिटांनी लांबतो. हे ऐकून बरेच जण म्हणतात, मग काय बिघडलं? पायांचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते मागच्या चाकाचं, कॅरिअरच्या बोल्टांचं आणि घाट उतरताना ब्रेकांचं. शिवाय आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. कोकणात जाताना घाट उतरायचा असतो आणि तोच परतीला चढायचा असतो, तेही थकलेल्या पायांनी. वजन ठरवताना तो परतीचा दिवस डोळ्यांपुढे ठेवा.

वजन घरीच करता येतं. आधी तुम्ही एकटे काट्यावर उभे राहा, मग पिशव्या हातात घेऊन. फरक तेवढं सामान.

पाठीवरची सॅक चालेल का?

एका दिवसासाठी चालेल. त्याहून लांब जायचं असेल तर नको. पाठीवरचं सगळं वजन शेवटी बैठकीवर आणि मनगटांवर उतरतं. पाठ घामाने भिजते ती दिवसभर वाळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मान वर करून रस्ता बघणंही जिवावर येतं. वजन सायकलने उचलावं.

पॅनिअर घ्यावेत की सीटमागे बांधायची लांब बॅग?

डांबरी रस्त्याने, बिऱ्हाड घेऊन जाणाऱ्याला कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लटकणारे पॅनिअर सोयीचे. सामान खाली राहतं, सायकल स्थिर चालते, आणि मुक्कामी दोन आकडे काढले की बॅग हातात येते. सीटमागची लांब बॅग हलक्या सामानासाठी आणि कच्च्या वाटांसाठी चांगली. ज्या सायकलला कॅरिअरची भोकंच नाहीत तिथे तर तीच बरी. पण तिच्यात काहीही शोधायचं तर सगळं उपसावं लागतं, आणि जड वस्तू भरल्या की ती उभं राहून पायडल मारताना डुलते.

पॅनिअर विकत घेताना दोन गोष्टी बघा. आकड्यांना खालून अडकणारी पकड हवी, नाहीतर खड्ड्यात बॅग उडून बाहेर येते. आणि पायडल मारताना टाच बॅगेला लागता कामा नये. दुकानात सायकल नेऊन, बॅग लावून, वर बसूनच खात्री करा. फोटोवरून हे कळत नाही.

कॅरिअर ॲल्युमिनियमचं घ्यावं की लोखंडी?

ॲल्युमिनियमचं हलकं असतं, गंजत नाही आणि बाजारात तेच जास्त दिसतं. तरीही लांबच्या प्रवासाला माझा कौल लोखंडी सळीच्या कॅरिअरला आहे. आपल्या उसाच्या पट्ट्यात ट्रॅक्टर-ट्रॉलीची कामं करणारं वेल्डिंगचं दुकान मोठ्या गावात हमखास असतं. तुटलेलं लोखंडी कॅरिअर तिथे चहा पिऊन होईस्तोवर जोडून मिळतं. ॲल्युमिनियमला साधं वेल्डिंग चालत नाही, ते तुटलं की दोरीने आणि पट्ट्यांनी बांधून घरापर्यंत आणावं लागतं. कोल्हापूरकरांना तर आणखी एक सोय आहे. उद्यमनगरात सायकल आणि पॅनिअर दोन्ही घेऊन गेलात तर मापाचं कॅरिअर बनवून घेता येतं. वजन थोडं वाढेल, ते वाढू द्या.

कुठलंही कॅरिअर असो, त्याचे बोल्ट धक्क्यांनी सैल होतात. नायलॉनच्या कड्याचे नट वापरा किंवा आट्यांना लॉकिंगचं द्रावण लावा, आणि रोज सकाळी निघण्याआधी हाताने हलवून बघा. बहुतेक कॅरिअरना ५ मिमी आट्यांचे बोल्ट असतात. त्या मापाचे चार बोल्ट खिशात असले की झालं.

पिशव्यांत काय कुठे भरावं?

जड ते खाली, आणि सायकलच्या मध्याकडे. डावी-उजवी बाजू तोलून भरा. हत्यारं आणि सुटे भाग एका पॅनिअरच्या तळाला, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाचं काहीतरी. कपडे वर. रेनकोट सगळ्यात वर, कारण तो लागतो तेव्हा घाईनेच लागतो. पंक्चरचं सामान मात्र तळाला नको. उन्हात, रस्त्याच्या कडेला सगळे कपडे बाहेर काढायची वेळ येते. ते सीटखालच्या छोट्या बॅगेत ठेवा. फोन, पैसे, ओळखपत्र हँडलच्या बॅगेत, आणि चहाला थांबलात तरी ती बॅग तुमच्यासोबत हवी.

हत्यारं आणि सुटे भाग नेमके कोणते?

या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. प्रवास बहुधा इथेच अडतो.

४, ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की, चपटा आणि फुली स्क्रूड्रायव्हर आणि चेन तोडायचं अवजार, हे सगळं एका चांगल्या मल्टिटूलमध्ये येतं. स्वस्त मल्टिटूलची चेन तोडायची पिन पहिल्याच वेळी वाकते, म्हणून घरी जुन्या चेनवर ती वापरून बघा. चाकांना किंवा पायडलला नट असतील तर त्या मापाचा पाना. छोटी पक्कड. टायर काढायचे दोन-तीन प्लास्टिकचे लिव्हर. हातपंप.

सुट्या भागांत दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, तुमच्या चेनच्या स्पीडशी जुळणाऱ्या दोन जोडकड्या, एक गिअरची आणि एक ब्रेकची केबल, ब्रेक पॅडची एक जोडी. मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ज्या तुकड्यावर लटकतो तो हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो आणि सरळ करताना तुटू शकतो. बोटाएवढी वस्तू आहे, पण गोव्यापर्यंत कुठे मिळेलच असं नाही. सायकल घेतली त्या दुकानात मॉडेल सांगून आधीच मागवून ठेवा.

उरलं ते किरकोळ : प्लास्टिकचे झिप टाय, चिकटपट्टी (अख्खा गुंडाळा नको, पंपावर चार वेढे देऊन ठेवा), चेनचं तेल लहान बाटलीत, जुन्या बनियनचं फडकं आणि रबरी हातमोज्यांची एक जोडी.

चाकाचा स्पोक तुटला तर?

भारामुळे स्पोक तुटतात ते बहुधा मागच्या चाकाचे, आणि त्यातही गिअरच्या बाजूचे, कारण त्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात. तो बदलायला गिअरचं चक्र काढावं लागतं, नाहीतर नवा स्पोक घालता येत नाही. म्हणून तुमच्या कॅसेटला किंवा फ्रीव्हीलला बसणारं काढायचं अवजार सोबत घ्या. ते लहानसं नळकांडं असतं. त्याला लागणारा मोठा पाना नेऊ नका, तो कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतो. कॅसेट असेल तर ती धरून ठेवायला जुन्या चेनचा तुकडा लागतो, तोही जवळ ठेवा.

स्पोकच्या लांब्या वेगवेगळ्या असतात. एकाच मागच्या चाकात डाव्या-उजव्या बाजूचं माप बहुधा निराळं असतं. दुकानदाराकडून मापून प्रत्येकी दोन-तीन घ्या आणि फ्रेमच्या दांडीला चिकटपट्टीने बांधून टाका. एक स्पोक तुटला म्हणून लगेच थांबायला नको. त्याला शेजारच्या स्पोकला गुंडाळा, चाक ब्रेकला घासत असेल तर ब्रेक थोडा सैल करा आणि पुढच्या गावापर्यंत सावकाश चला. तिथे चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्या. आणि निघण्याआधी आठवडाभर जाणत्या मिस्त्रीकडून दोन्ही चाकांचे स्पोक एकसारखे ताणून घेतले तर बहुधा ही वेळच येत नाही.

पंक्चरसाठी किती तयारी हवी?

रस्त्यावर ट्यूब बदला, जुनी ट्यूब मुक्कामी शांतपणे जोडा. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की वाळत जाते, म्हणून नवी, न उघडलेली घ्या. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा. काटा किंवा तार आतच राहिली असेल तर दुसरी ट्यूबही जाईल. टायर चिरला तर आतून लावायला जुन्या टायरचा आगपेटीएवढा तुकडा ठेवा.

बारीक प्रेस्टा वॉल्व्हवर बसणारं पितळी अडॅप्टर फार उपयोगाचं आहे. त्याने मोटरसायकलच्या पंक्चरवाल्याकडेही हवा भरता येते. पण ट्रकच्या कॉम्प्रेसरने भरताना टिचकी-टिचकीने भरा. तिथली हवा इतक्या जोरात येते की सायकलची ट्यूब डोळ्यांदेखत फुटते. हवा किती, हे टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं. भार मागे असतो, त्यामुळे मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवा.

कपडे किती?

सायकलवरचे दोन जोड, मुक्कामावरचा एक. रोज संध्याकाळी एक जोड धुवायचा, सकाळी ओलसर राहिला तर पॅनिअरवर पसरून बांधायचा. सुती नको, ते वाळत नाही. सायकलसाठीच्या, बैठकीला गादी शिवलेल्या चड्डीखाली दुसरी चड्डी घालू नये, तिच्या शिवणीनेच कातडं सोलवटतं. जांघेत पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लावा, आणि उतरल्यावर ती चड्डी लगेच काढून जागा धुऊन कोरडी करा. ओल्या चड्डीत बसून राहिल्यानेही बैठकीची गळवं होतात.

टॉवेलऐवजी पंचा घ्या. अंग पुसा, उन्हात मानेवर टाका, रात्री पांघरा, तासाभरात वाळतो. डिसेंबर-जानेवारीत चंदगड, आजऱ्याकडे पहाटे चांगलाच गारठा असतो. एक पातळ लोकरी स्वेटर, कानटोपी आणि पूर्ण बोटांचे हातमोजे पुरतात.

पावसाळ्यात जायचं असेल तर सामान कोरडं कसं ठेवायचं?

गगनबावडा, राधानगरी, आंबोलीचा पाऊस बॅगेवरच्या पातळ आवरणाला जुमानत नाही. पाणी वरून येतं तसं चाकाकडून, खालूनही येतं. बॅग भिजणारच असं धरून आतल्या वस्तू कोरड्या ठेवा. खताच्या पोत्यातली आतली जाड प्लास्टिकची पिशवी स्वच्छ धुऊन पॅनिअरच्या आत घातली, तोंड पिळून दुमडून बांधलं, की महागड्या बॅगेइतकंच काम होतं. त्यातही झोपण्याचे कपडे आणि अंथरूण वेगळ्या पिशवीत.

मडगार्ड हवेतच. पावसात रस्त्यावरची वाळू ब्रेक पॅड खाते, म्हणून सुटी जोडी दोन करा. चेनला रोज तेल. पावसाळ्यात दरडींमुळे घाट बंदही होतात. कुठला घाट चालू आहे याची चौकशी आदल्या दिवशी करा, कारण एका घाटाऐवजी दुसरा म्हणजे सायकलला एक दिवस जास्त.

तंबू न्यावा का? आणि घोंगडं?

महाराष्ट्रात, गावांमधून जाणाऱ्या वाटेवर, तंबूची गरज क्वचितच पडते. देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा, धर्मशाळा, किनाऱ्यावर घरगुती राहण्याची सोय. गावात शिरल्यावर सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटून विचारलं की जागा मिळते, आणि जेवल्याशिवाय सोडतही नाहीत. त्यासाठी चटई, चादर आणि मच्छरदाणी पुरते. मच्छरदाणी वगळू नका, रात्रीची झोप गेली की दुसरा दिवस गेलाच. राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करायचा नाही. तिथे गवे आहेत, अंधार पडायच्या आत तो पट्टा पार करा.

घोंगडं मला मनापासून आवडतं. पट्टणकोडोलीचं घोंगडं ऊब देतं आणि ओलं झालं तरी अगदी गार पडत नाही. पण सायकलसाठी ते जड आहे आणि भिजल्यावर फारच जड. पातळ स्लीपिंग बॅग घ्या.

खाण्याचं काय न्यावं? स्टोव्ह हवा का?

स्टोव्ह नको. चहाची टपरी मिळत नाही असा पट्टा आपल्याकडे फार लांब नसतो. दोन तास पुरेल एवढं खाणं मात्र कायम जवळ असावं. गूळ-शेंगदाणे, खजूर, केळी, चिक्की. भडंग खाऊन खारट-तिखट चव येते आणि घामात गेलेलं मीठही मिळतं, पण ते जागा फार अडवतं. पहिल्या दिवसासाठी घरून दशम्या किंवा धपाटे. तांबडा रस्सा मुक्कामाच्या रात्रीसाठी राखा, दुपारी तो पिऊन उन्हात घाट चढणं अंगावर येतं.

पाण्याच्या दोन बाटल्या फ्रेमवर आणि एक राखीव बॅगेत, मिळून २ ते ३ लिटर. ओआरएसची पाकिटं ठेवा. संपली तर १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. प्रमाण डोळ्यांनी ठरवू नका, मीठ जास्त झालं तर अपाय होतो.

औषधांच्या डब्यात काय?

निर्जंतुक गॉझ, चिकटपट्टी, जंतुनाशक मलम, क्रेप बँडेज, पॅरासिटामॉल, तुमची नेहमीची औषधं दोन दिवस जास्तीची. सायकलवरून पडल्यावर खरचटतंच, तेव्हा जखम आधी भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायची. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना निघण्याआधीच विचारा. पावसाळ्यात जळू चिकटली तर तिचं तोंड नखाने बाजूला सारून सोडवा, जाळायला जाऊ नका. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हात-पाय न हलवता १०८ ला फोन आणि सरळ सरकारी रुग्णालय.

रात्री सायकल चालवणार नसलो तरी दिवे हवेत का?

हवेत. पंक्चर झालं, जेवायला उशीर झाला, की अंधार गाठतोच. मागचा लाल दिवा दिवसाही लावून ठेवावा, धुक्यात तर नक्कीच. उसाच्या हंगामात, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर धावतात आणि अनेकांना मागे ना दिवा असतो ना चकाकणारी पट्टी. थांबलेली ट्रॉली अंधारात अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. त्यामुळे पुढचा दिवा नुसता आपण इतरांना दिसावं एवढा नको, रस्ता दाखवणारा हवा. हँडलला लावायचा आरसा घ्या. पॅनिअर लावलेल्या सायकलवर मागे वळून बघताना हँडल हमखास वळतं, आणि मागून एसटी येत असेल तर ते परवडणारं नाही. हेल्मेट घालायचंच, त्यावर चर्चा नको.

फोन, चार्जिंग, कुलूप?

१०,००० एमएएचची पॉवर बँक आणि फोनमध्ये आधीच उतरवून घेतलेला नकाशा. घाटात नेटवर्क जातं, म्हणून वाटेतल्या गावांची नावं कागदावरही लिहून ठेवा आणि थोडी रोकड जवळ ठेवा. कुलूप मध्यम वजनाचं चालेल. रात्री सायकल खोलीत घ्यायची परवानगी मागा, बहुतेक ठिकाणी देतात.

बायकांसाठी वेगळं काही?

बहुतेक सामान तेच. सीटची निवड मात्र वेगळी, पुरुषांच्या अरुंद सीटवर तडजोड करू नका. पाळीची तारीख जवळ असेल तर नेहमी वापरता तेच घ्या, नवा प्रकार प्रवासात पहिल्यांदा करून बघू नका. वापरलेले पॅड टाकायला कागद आणि बंद होणारी पिशवी. कपडे बदलायला आडोसा नसतो तिथे मोठी ओढणी किंवा लुंगी कामी येते. लांब अंतर शौचालयाविना काढावं लागेल या भीतीने पाणी कमी पिणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत. त्याने त्रास वाढतो. पेट्रोल पंप, एसटी स्टँड नकाशावर आधीच हेरून ठेवा आणि पाणी पीत राहा.

निघण्याआधी चाचणी कशी घ्यावी?

सगळं सामान, अगदी पाण्यासकट, चढवून रविवारी पन्हाळा गाठा. अंतर विसेक किलोमीटर, शेवटी चांगला चढ, आणि उतरताना ब्रेकांची परीक्षा. खाली आल्यावर बोल्ट, आकडे, स्पोक हाताने तपासा. मग घरी येऊन ट्यूब स्वतः बदलून बघा, आणि त्यासाठी पॅनिअरमधलीच हत्यारं वापरा. चाचणी महिनाभर आधी घ्या, म्हणजे हँगर किंवा ट्यूब मागवायला वेळ उरतो.

सायकल रेल्वेने परत आणता येते का?

येते. सायकल मोफत सामानात धरत नाहीत, पार्सल कार्यालयात ती वेगळी नोंदवून ब्रेक व्हॅनमध्ये द्यावी लागते. गाडीच्या वेळेच्या बरंच आधी पोहोचा. कोकण रेल्वे कोल्हापूरला जोडलेली नाही, त्यामुळे गोव्याहून यायचं तर मडगाव, लोंढा, बेळगाव मार्गे मिरजेला उतरणं सोयीचं. तिथून कोल्हापूर सायकलने अर्ध्या दिवसाची वाट आहे. पॅनिअर, दिवे, पंप, बाटल्या काढून स्वतःजवळ ठेवा, डिरेलरवर जुनं कापड गुंडाळा, फ्रेमवर नाव आणि फोन नंबर बांधा. पायडल काढणार असाल तर डाव्या पायडलचे आटे उलटे असतात : ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं.